आग्नेय कोपऱ्यातला डॉलर

माझा एक दोष आहे, तो आधीच सांगून टाकते. रिकामा परत आलेला डबा मला बघवत नाही.

आम्ही इंग्लंडात वॉटफर्डला राहायला आलो त्या वर्षी दिवाळीत मी हौसेने शेजारच्या सहा घरांत फराळाचे डबे पाठवले. स्टीलचे, घट्ट झाकणाचे, आईने लग्नात दिलेले. चार दिवसांत सहाही डबे परत आले. घासूनपुसून लख्ख, आणि आत ठणठणीत रिकामे. सोबत एकेक थँक यू कार्ड. त्यातल्या तीन कार्डांवर मांजर होतं. मी भूलतज्ज्ञ, लोकांना झोपवण्यात माझी हयात गेली, पण त्या कार्डांनी माझीच झोप उडवली. अहो, चिमूटभर साखर टाका, झाडाखाली पडलेलं सफरचंद टाका, अगदीच काही नसेल तर मीठ टाका. भरलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढं साधं माणसाला कळू नये?

"अगं, त्यांच्यात कार्ड दिलं की झालं," नवरा म्हणाला. तो हाडांचा डॉक्टर. मन वगैरे गोष्टींशी त्याचा संबंध कमी.

"कार्ड काय चाटायचंय?" मी म्हटलं.

दुसऱ्या वर्षी मी पाच घरं वगळली. आमच्या घराला भिंत लागून असलेलं एकच घर ठेवलं. त्या घरात एक अमेरिकन आजोबा एकटेच राहायचे. तरुणपणी ते अमेरिकन हवाई दलातून इंग्लंडला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि मग परत गेलेच नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बेसिंगस्टोकला कुठल्याशा आयटी कंपनीत होता, तो ख्रिसमसला यायचा. आजोबा नव्वदीकडे झुकलेले, पण ताठ. कुंपणाच्या कडेला उभे राहून माझ्या कोथिंबिरीवर लक्ष ठेवायचे आणि गोगलगायी दिसल्या की मला हाक मारायचे.

त्यांनीही डबा कुंपणापाशी रिकामाच आणून दिला. मात्र कार्ड नव्हतं, आणि कडबोळी फार आवडली असं तोंडाने म्हणाले, म्हणून मी जरा सौम्यपणे घेतलं. म्हटलं, "आजोबा, आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर घातली तरी चालते."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली, माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि आत गेले. दहा मिनिटांनी परत आले. मी झाकण उघडलं. आत किचन पेपरमध्ये गुंडाळलेलं एक मोठं, जड नाणं होतं. एका बाजूला मुकुट घातलेली गालफुगी बाई, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड.

"साखर संपलीय," आजोबा म्हणाले.

मी पुष्कळ नको नको केलं. पण नियम तुम्हीच सांगितलात, असं म्हणून ते कोथिंबिरीकडे वळले. घरात आले तेव्हा नवऱ्याने ते नाणं माझ्या बेसन मोजायच्या काट्यावर ठेवलं. सत्तावीस ग्रॅमला जरासं कमी. "चांदीचा डॉलर आहे, जुना," तो म्हणाला. "म्हाताऱ्याकडे पोतंभर असतील. घे ठेवून."

मी ठेवून घेतलं. पुढच्या दिवाळीला अर्थातच मोठा डबा पाठवला, कारण चांदीच्या बदल्यात पावशेर चिवडा देणं मला शोभलं नसतं. तर त्यातूनही डॉलर आला. मग दर वर्षी एक. मी डबा मोठा करायची आणि आजोबा डॉलर घालायचे. सात दिवाळ्यांत सात डॉलर झाले.

त्या डॉलरांचं मी काय केलं ते आता सांगते, आणि नाणी जमवणारं कोणी वाचत असेल तर त्यांनी आधी खाली बसावं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला घरातली सगळी चांदी घासतात. चांदी काळी ठेवून लक्ष्मीपुढे मांडणारी बाई माझ्या माहेरात अजून जन्मायची आहे. मी ते डॉलर दर वर्षी टूथपेस्टने घासले. साधी नाही, दात पांढरेशुभ्र करणारी, महागातली. जुन्या ब्रशने त्या बाईच्या केसांतून, गरुडाच्या पिसापिसांतून. मग ते चौरंगावर ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, वर धणे आणि गूळ. दिव्याच्या उजेडात ते असे काही चमकायचे की इथल्या मराठी मंडळातल्या बायका खास बघायला यायच्या.

आमची लेक इथे जन्मलेली. ती एकदा म्हणाली, "आई, तो लक्ष्मी नाहीये. ते लिबर्टी आहे."

"मुकुट आहे ना? पैशावर आहे ना? मग लक्ष्मीच," मी म्हटलं आणि कुंकवाचं आणखी एक बोट लावलं.

चौथ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पुण्याला आई गेली. मला सुट्टी मिळून, तिकीट मिळून, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आले तेव्हा आजोबा कुंपणाशी होते. मी त्यांना सांगितलं, यंदा फराळ नाही. घरात कोणी गेलं की त्या वर्षी आम्ही कढई चढवत नाही, शेजारपाजारचे आणून देतात. मी हे आपलं माहिती म्हणून सांगितलं. मागायचा हेतू अजिबात नव्हता.

पाडव्याला बेल वाजली. दारात आजोबा, हातात माझाच एक जुना डबा. आत शेंगदाण्याच्या कुकीज होत्या, स्वतः भाजलेल्या, खालून करपलेल्या. आणि तळाशी डॉलर. तो मात्र काळा होता, अगदी चुलीतून काढल्यासारखा. "रिकामा नाही, बघून घ्या," ते म्हणाले. आई गेल्यापासून मी कोणापुढे रडले नव्हते, ती त्या दारात रडले. आजोबांना काय करावं कळेना, म्हणून ते कोथिंबिरीबद्दल बोलत उभे राहिले. त्या कुकीज इतक्या कडक होत्या की चहात बुडवूनही नवऱ्याच्या दाढेतली चांदी निघाली. ही एक चांदी तेवढी घरातून गेली.

त्या वर्षी पूजा नव्हती, म्हणून काळा डॉलर घासायचा राहिला. नंतरही तो राहतच गेला. बाकीच्या झगझगीत डॉलरांत तो हंसांतल्या कावळ्यासारखा दिसायचा. मला वाटलं, आजोबांकडचे चांगले संपत आले असतील, हा आपला उरलासुरला दिलाय. त्यांच्या भावनेला मी नावं ठेवली नाहीत, पण डॉलरला मनातल्या मनात ठेवली.

पुढे आम्ही स्वयंपाकघर मागच्या बागेत वाढवलं. कौन्सिलची परवानगी, नकाशे, सगळं झालं, पण वास्तुशांत केल्याशिवाय मी त्या ओट्यावर दूधही तापवणार नव्हते. जमीन ओतायच्या आदल्या दिवशी वेम्बलीहून गुरुजी आले. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतात आणि शनिवार-रविवारी गुरुजी असतात. आग्नेय कोपऱ्यात खड्डा तयार होता. त्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी ठेवायची, सोबत पंचरत्नं, धान्य आणि चांदीचं नाणं. नवऱ्याने नाणं ऑनलाइन, अर्ध्या किमतीत मागवलं होतं. गुरुजींनी ते फरशीवर टाकून पाहिलं. चांदी खणकन वाजते. हे बदकन पडलं.

"डॉक्टरसाहेब," गुरुजी म्हणाले, "हे चॉकलेटवरच्या चांदीचं तर नाही ना?"

मुहूर्त टळत होता. मी धावत वर गेले, डॉलरांचा डबा उघडला, आणि इथे माझ्या घरंदाज काटकसरीने घात केला. चांगले सहा डॉलर घासलेले, पूजेतले. जमिनीत पुरायला चमकणारं नाणं कशाला? मातीत जाऊन काळंच व्हायचंय. मी काळा उचलला. तो आईच्या वर्षीचा आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. गुरुजींनी तो टाकून पाहिला. खणकन वाजला. तो खड्ड्यात गेला, वर माती गेली, आयरिश बिल्डरने स्वतःच्या छातीवर क्रूस काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर काँक्रीट ओतलं. त्या कोपऱ्यावर, शास्त्राप्रमाणे, माझी शेगडी बसली.

आठव्या दिवाळीला डबा गेला आणि आठवड्याच्या आतच आजोबा गेले. झोपेत, त्रास न होता. आम्ही इतकी वर्षं भिंतीपलीकडे होतो आणि आम्हाला सकाळी पोस्टमनकडून कळलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

महिन्याभराने त्यांचा मुलगा घर आवरायला आला. पन्नाशीचा, शांत, चष्म्याआड थकलेला. एका शनिवारी दुपारी त्याने आमची बेल वाजवली. काखेत एक जुना निळ्या पुठ्ठ्याचा अल्बम होता.

"तुम्ही डॉक्टर ना?" तो म्हणाला. "डॅडकडे गेल्या काही वर्षांत कोण यायचं-जायचं, हे तुम्हाला माहीत असेल. त्याला कोणीतरी फसवलंय असं मला वाटतं."

मी चहा टाकला. त्याने अल्बम टेबलावर उघडला. पुठ्ठ्याला ओळीने गोल भोकं पाडलेली, प्रत्येक भोकाखाली साल छापलेलं, आणि भोकाभोकात चांदीचा डॉलर. मुकुटवाली गालफुगी बाई, सगळीकडे.

"हे माझ्या आजोबांनी सुरू केलं," तो सांगत होता. "त्यांचं छोटं दुकान होतं. गल्ल्यात येणाऱ्या नाण्यांतून एकेक साल बाजूला काढत त्यांनी हा पुरा केला. मग डॅडने जपला. मला लहानपणी नुसता बघायला मिळायचा. तुला देणार, तुला देणार, असं तो जन्मभर सांगत आला. आणि आता उघडतो तर सात नाणी नाहीत. त्यांच्या जागी हे."

सात भोकांत नाण्याच्या मापाचे कापलेले पांढरे पुठ्ठ्याचे गोल बसवले होते. सहांवर आजोबांच्या मोठ्या, थरथरत्या अक्षरांत एकेक शब्द होता. सातवा कोरा होता.

"ही माणसं कोण, तुम्हाला काही कल्पना आहे?" त्याने विचारलं. "मी ऑनलाइन शोधलं. डीलर म्हणून यांच्यातलं कोणीच सापडत नाही. मला वाटतं दोघी बायका असाव्यात."

मी चष्मा लावला. आजोबांनी कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं होतं. पहिल्या गोलावर चकली होती. दुसऱ्यावर कडबोळी. मग चिवडा, अनारसा, शंकरपाळी आणि करंजी. नव्वदीचा बाप कोणा अना रसा आणि करन जी नावाच्या दोघींच्या नादी लागला, या विचाराने हा बिचारा महिनाभर झुरत होता.

खरं सांगते, क्षणभर वाटलं की गप्प बसावं. नाही बाई, आम्ही कोणाला पाहिलं नाही, असं म्हणावं आणि चहा द्यावा. नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. मग मी उठले, वर गेले, डॉलरांचा डबा आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"या माणसांना मी ओळखते," मी म्हटलं. "मीच त्यांना तळलंय."

सगळं सांगितलं. डबा, साखर, नियम, एकेक दिवाळी. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने सहा डॉलर हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि हळूच म्हणाला, "म्हणजे त्याने माझ्यासाठी ठेवलेली नाणी शेजाऱ्यांना खाऊच्या बदल्यात दिली."

मी तापट बाई आहे. जिभेवर आलं होतं, की बाबा रे, खाऊ म्हणून हिणवतोस, पण सात वर्षांत तू स्वतः काय आणून दिलंस त्याला? पण त्याचा चेहरा बघितला आणि गिळून टाकलं. त्याला नाण्यांचं दुःख नव्हतं. बापाने आपल्याला भोकं पडलेला अल्बम ठेवला, हे त्याला लागलं होतं. मला ते भोक न् भोक भरून द्यायचं होतं.

"सातवं कुठाय?" त्याने विचारलं.

नवरा खोकला. मी म्हटलं, "ते आहे. सुरक्षित आहे. फार सुरक्षित आहे."

पुढच्या रविवारी बेसिंगस्टोकला एका हॉटेलच्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांचा बाजार होता. तो आम्हाला तिथे एका जाणकाराकडे घेऊन गेला. हातमोजे घातलेला सभ्य माणूस. माझे सहा डॉलर मखमलीवर ठेवले तेव्हा त्याने आधी दिवा जवळ ओढला. मग त्याने भिंग लावलं, आणि आम्ही हॉस्पिटलमध्ये नातेवाइकांना वाईट बातमी द्यायच्या आधी जसा चेहरा करायचो, अगदी तसा चेहरा केला.

"यांना कोणी काय केलं?" त्याने विचारलं.

"घासले," मी म्हटलं. "दर वर्षी. मनापासून."

"कशाने?"

"टूथपेस्टने."

त्याने डोळे मिटले. मग उघडून अगदी शांतपणे समजावलं. जुन्या नाण्यावर पहिल्या दिवसाची जी झळाळी असते, ती घासली की जाते आणि परत कधी येत नाही. वर्षानुवर्षं चढत गेलेला काळेपणाही नाण्याचं वय असतं. शौकीन लोक त्या काळ्या रंगासाठी जास्त पैसे मोजतात. घासलेल्या नाण्याला चांदीच्या वजनाइतकी किंमत येते, वर फार तर थोडं काही. थोडक्यात, मी सहा म्हाताऱ्यांना ब्लीच करून आणलं होतं. एका डॉलरवर, गरुडाच्या पंखाखाली, त्याला आणखी काही सापडलं.

"हा लाल रंग कसला?"

"कुंकू," नवरा म्हणाला. "ते धार्मिक आहे."

मग जाणकाराने अल्बम मागितला आणि कोऱ्या गोलाखालचं साल वाचलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. ते साल आणि त्यापुढची 'सीसी' ही दोन छोटी अक्षरं. नेवाडातल्या कार्सन सिटी नावाच्या गावात टांकसाळ होती, तिथला हा डॉलर. त्या गावी डॉलर थोडेच पाडले गेले, आणि त्या सालचे तर फारच थोडे उरलेत. बाकीचे सहा एकत्र केले तरी त्याच्या पासंगाला पुरणार नाहीत. न घासलेला असेल तर एक बरी मोटार येईल.

"याला तरी टूथपेस्ट लावली नाही ना?" त्याने घाबरत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तो काळाच आहे."

"देव पावला! कुठाय?"

मी खरं ते सांगितलं. जाणकाराने भिंग खाली ठेवलं. आजोबांच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग म्हणाला, "स्वयंपाकघराखाली म्हणजे, नेमकं खाली?"

घरी येताना गाडीत मी ठरवलं. काँक्रीट फोडायचं. लोक काय म्हणतील याचा प्रश्न नव्हता. लोकांना कळणारच नव्हतं. पण त्या माणसाला त्याच्या बापाची वस्तू पुरी मिळाली पाहिजे, नाहीतर माझ्या हातची चकली मलाच गोड लागणार नाही.

नवऱ्याने शस्त्रक्रियेची तयारी करावी तशी तयारी केली. हाड उघडायच्या आधी एक्स-रे लागतो म्हणाला आणि मेटल डिटेक्टर भाड्याने आणला. तो यंत्र घेऊन स्वयंपाकघरात फिरला, आणि ते यंत्र दारापासून फ्रिजपर्यंत अखंड किंचाळत राहिलं. जमिनीत लोखंडी जाळी होती आणि जमीन गरम ठेवायचे पाइप होते. पाइप त्याचीच हौस. आता फोडताना पाइप फुटला तर स्वयंपाकघराचं तळं होणार होतं. बिल्डरने फोनवर सगळं ऐकून घेतलं, सोमवारी येतो म्हणाला आणि एक आकडा सांगितला. "या पैशात आणखी एक डॉलर विकत मिळेल," नवरा पुटपुटला.

मी गुरुजींना फोन लावला. ते बँकेत होते. कुजबुजत म्हणाले, "वहिनी, वास्तुपुरुष हलवायचा नसतो हो. झोपलेल्याला उठवू नये. अगदी हलवलाच तर पुन्हा वास्तुशांत करावी लागेल. पुढच्या महिन्यात माझे दोन शनिवार मोकळे आहेत."

रविवारी आजोबांचा मुलगा अल्बम घेऊन आला. मी म्हटलं होतं, निदान सहा तरी जागेवर बसवू, उद्या सातवा निघेल. तो गोल काढत गेला आणि डॉलर बसवत गेला. चकली काढली, डॉलर बसवला. करंजी काढली, डॉलर बसवला. जुन्या डॉलरांच्या ओळीत माझे सहा डॉलर नव्या कवळीसारखे चमकत होते. बघून मला लाज वाटली. त्याला मात्र पहिल्यांदाच थोडं हसू आलं.

मग त्याने कोऱ्या गोलाला हात घातला. तो घट्ट बसला होता. मी त्याला लोणी लावायची सुरी दिली. त्याने कड उचलून गोल बाहेर काढला आणि सहज उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं.

त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"या वर्षी फराळ नाही. तिची आई गेली. आपल्या गावचा डॉलर दिला."

नवऱ्याने विचारलं, "आपल्या गावचा म्हणजे?"

"डॅड कार्सन सिटीचा," मुलगा म्हणाला. "माझ्या आजोबांचं दुकान तिथेच होतं. टांकसाळ बंद पडलेली होती, पण इमारत त्याच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. त्याची आई त्याला तिथून शाळेत न्यायची. त्या गावचा हा एकच डॉलर होता अल्बममध्ये. बाकीच्यांना कधीतरी हात लावू द्यायचा. याला कधी नाही."

आणि मी त्याला उरलासुरला म्हणाले होते. हंसांतला कावळा म्हणाले होते. माझ्या आईसाठी त्या माणसाने घरातली सगळ्यात मोलाची वस्तू करपलेल्या कुकीजखाली ठेवून आणून दिली, तोंडाने एक अक्षर न बोलता, आणि मी ती मातीत घालायची म्हणून सगळ्यांत आधी निवडली. मी पदराने डोळे पुसणार होते, पण अंगात कार्डिगन होतं, म्हणून त्याच्या बाहीने पुसले.

"उद्या सकाळी बिल्डर येतोय," नवरा म्हणाला. "दुपारपर्यंत निघेल. तुमचा तो तुम्हाला मिळेल."

मुलगा उठला. शेगडीपाशी जाऊन उभा राहिला. "इथे?" त्याने विचारलं.

"बरोबर खाली," मी म्हटलं. "आजोबांच्या शेवटच्या डब्याच्या चकल्या त्यावरच तळल्या होत्या."

त्याने वाकून फरशीला हात लावून पाहिला. "मी ख्रिसमसला यायचो," तो म्हणाला. "दोन दिवस. तो सांगायचा, शेजारीण फार कडक आहे, नियम मोडू देत नाही. मला वाटायचं, तक्रार करतोय." मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "बिल्डरला नको म्हणून सांगा. त्याने दिलाय तो. राहू दे तिथेच."

मी पुष्कळ वाद घातला. नवऱ्याने घातला नाही. तो लगबगीने बिल्डरला फोन करायला गेला. आजोबांच्या मुलाने टेबलावरचा गोल उचलला, अल्बम मिटून काखेत घेतला, एका भोकासकट. दारापर्यंत गेला, थांबला, "एक मिनिट," म्हणाला आणि शेजारी बापाच्या घरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात माझा डबा होता, आठव्या दिवाळीचा, तिकडेच राहिलेला. सगळ्यात मोठा. घासूनपुसून लख्ख.

मी घेतला. सवयीने हातावर तोलून पाहिला. हलका लागला.

"उघडा की," तो म्हणाला.

आत तो पुठ्ठ्याचा गोल होता.

"साखर सापडली नाही," तो म्हणाला.

या दिवाळीला आम्ही गाडी काढून बेसिंगस्टोकला डबा देऊन आलो. संध्याकाळी घरी लक्ष्मीपूजन होतं. चौरंगावर यंदा डॉलर नव्हते. मंडळातल्या बायका हळहळल्या. मधोमध मी तो गोल ठेवला, अक्षरांची बाजू वर करून, जवळ धणे आणि गूळ. लेक कुंकवाची कोयरी घेऊन पुढे आली, गोलावर बोट टेकवणार एवढ्यात मी तिचं मनगट धरलं.

"आई, टूथपेस्ट तर नाही लावत आहे मी," ती म्हणाली.

"नुसतं बघायचं," मी म्हटलं. "याला हात लावायचा नाही."